ध्वनिवर्धकाचे शुद्धिपत्र

३ फेब्रुवारी

मुलीने काल आपल्या धाकट्या भावाला फोनवर एक निरोप लिहिला. तो चुकून घरच्या गटावर आला, म्हणून मला वाचावयास मिळाला. नऊ ओळींच्या त्या निवेदनात तथ्याच्या तीन आणि शुद्धलेखनाच्या सहा चुका आहेत. शुद्धलेखन सोडून देतो. तथ्ये मात्र येथे नोंदवून ठेवणे भाग आहे, कारण अशीच निवेदने पुढे घराचा इतिहास म्हणून खपू लागतात.

ती लिहिते: "आई क्लासला गेलेली. मी आर्धा तास दारात उभी. बेल दाबून दाबून बोट दुखलं. बाबा टेबलापाशी बसलेले, खिडकीतून मला दिसत होते, पण ढिम्म. पूर्वी जिन्यात शीळ आली की कळायचं बाबा आले. आता स्वतः भुतासारखे येतात आणि दुसरं कोणी आलेलं यांना कळत नाही. तू बोल बाबा, माझं ते ऐकत नाहीत."

दुरुस्त्या. एक: अर्धा तास नव्हे, अकरा मिनिटे. तिचा 'पोचले' हा निरोप पाच वाजून चार मिनिटांचा आहे आणि हिने, म्हणजे माझ्या पत्नीने, परत येऊन किल्लीने दार उघडले तेव्हा सव्वापाच झाले होते. दोन: घंटा बिघडलेली आहे. न वाजणारी घंटा ऐकू आली नाही, यात ऐकणाराचा दोष काय? तीन: शीळ मी सहा वर्षांपूर्वी कवळी बसवल्यामुळे बंद केली. शिवाय 'ऐकत नाहीत' या क्रियापदाचे येथे दोन अर्थ संभवतात आणि लेखिकेला कोणता अभिप्रेत आहे ते वाक्यावरून कळत नाही. चाळीस वर्षे मी मुद्रितशोधक होतो. असे वाक्य समासात प्रश्नचिन्ह घालून परत पाठवले असते.

६ फेब्रुवारी

वायरमन येऊन गेला. त्याने हिला बाहेर उभे करून पाच वेळा बटण दाबावयास लावले आणि स्वतः आत घंटेखाली मान वर करून उभा राहिला.

"काका, वाजतेय की!"

"मला फसवू नका," मी म्हणालो. "मीही येथेच उभा आहे."

त्याने हिच्याकडे पाहिले. हिने चपला सरळ करून ठेवल्या, त्या सरळच होत्या. जाताना तो पुटपुटला, "आधी गोट आहे." त्याला 'साधी गोष्ट आहे' असे म्हणावयाचे होते.

या आठवड्यातील ही सतरावी नोंद. श, ष आणि स, ज्यांना व्याकरणात ऊष्म वर्ण म्हणतात, ते लोकांच्या तोंडून नाहीसे होत चालले आहेत. पोस्टमन 'अही करा' म्हणतो. मुलगी आपल्या सासूला 'आऊ' म्हणते, आणि त्या माउलीने अद्याप तक्रार केलेली नाही. आता तर रेडिओवरील निवेदकही या रोगातून सुटलेले नाहीत. 'ऊष्म वर्णांचा ऱ्हास' हा माझा लेख भाषेच्या त्रैमासिकाकडे पाठवावयाचा आहे. जिवंत पुरावा तारीखवार देणारा असा लेख मराठीत पूर्वी झालेला नसावा.

ही एकटीच अजून स्वच्छ बोलते, तीही समोर येऊन बोलते तेव्हा. पाठमोरी असली की तीही गिळते.

१० फेब्रुवारी

आज घरात शांतता होती. लेखाची चार पाने झाली.

ही दुपारभर माझ्या मागे पलंगावर गिटार घेऊन बसली होती. मुलीची कॉलेजातील ही विजेवरची गिटार वीस वर्षे कपाटावर पडून होती. हिने ती गेल्या महिन्यात खाली काढली. वाचनालयाच्या वरच्या खोलीत एक मास्तरीणबाई शिकवतात, तेथे ही आठवड्यातून दोनदा जाते. बाईंची पद्धत मला मनापासून पटली. ध्वनी काढण्यापूर्वी त्या बोटांच्या जागा पक्क्या करून घेतात. ही तासन्‌तास तारांवरून बोटे फिरवते, पण आवाज म्हणून करत नाही. आधी वर्णमाला, मग वाक्य. हल्ली इतका धीर कोणत्या शिक्षकाला असतो?

१३ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना ही समोर बसून म्हणाली, "अहो, मला एक अ‍ॅम्प घ्यायचाय."

"ध्वनिवर्धक," मी म्हणालो.

"तोच. ध्वनी वाढला म्हणजे झालं."

"पण तू अजून ध्वनी काढतच नाहीस. शून्याचे वर्धन कसे होणार?"

ती इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले. "खरंय तुमचं," म्हणाली. माझे खरे असल्याचे या घरात इतक्या सहज मान्य होत नाही, म्हणून तारखेसह नोंद.

निवड मी माझ्याकडे घेतली आहे. वस्तू घ्यावयाची तर निकष आधी लिहून काढले पाहिजेत. दिवसभर माहितीपत्रके वाचली. निष्कर्ष असा की घरच्या सरावाला पाच ते दहा वॉट पुष्कळ होतात. त्यापुढचे आकडे सभागृहासाठी किंवा शेजाऱ्यांशी वैर धरण्यासाठी. आकड्यापेक्षा कर्ण्याचा व्यास महत्त्वाचा: फार लहान कर्ण्यातून डब्यात बोलल्यासारखे येते. निर्मळ आवाज आणि खरखरीत आवाज, दोन्ही निघावेत, म्हणजे पुढे शिकणाराची आवड बदलली तरी यंत्र बदलावे लागत नाही. खालच्या, मधल्या आणि वरच्या सुरांसाठी तीन वेगळ्या गुंड्या हव्यात. फोन जोडून त्यावरील गाण्याबरोबर वाजवण्याची सोय हवी. वजन हिला उचलवेल इतके. आणि हेडफोनसाठी छिद्र. याखाली मी दोनदा रेघ मारली आहे.

"हेडफोन मला नको," ही म्हणाली.

"सरावाच्या यंत्राचा तोच तर मोठा गुण. कोणाला त्रास नाही."

"मग ऐकणार कोण?"

"तू."

"मी ऐकतेच आहे की," ती म्हणाली आणि कपबश्या उचलून आत गेली. पाठमोरी आणखी काही बोलली. नेहमीप्रमाणे गिळलेले.

१८ फेब्रुवारी

आज घरात शांतता होती. सहा पाने.

२० फेब्रुवारी

वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचा असावा आणि केसांची वेणी घालतो. त्याला मी मनातल्या मनात वेणीवाला म्हणतो. माणूस मात्र अगत्यशील.

"बोला काका, कोणासाठी बघायचाय?"

ही म्हणाली, "यांच्यासाठी."

सर्वनामाची चूक. शिकते ती, यंत्र तिचे; 'माझ्यासाठी' हवे होते. चारचौघांत बोललो नाही. घरी सांगेन.

वेणीवाल्याने तीन यंत्रे मांडली. पहिले शिदोरीच्या डब्याएवढे, बॅटरीवर चालणारे. कडेवर घेऊन फिरता येईल असे, पण आवाजही डब्यातलाच. दुसऱ्यात शंभर तऱ्हांचे आवाज भरलेले: गुहेतला, पाण्याखालचा, अंतराळातला. त्यावर बोटाएवढा पडदा आणि पडद्यावर मुंग्यांएवढी अक्षरे. विशेषणांचा सोस असलेल्या लेखकाची मला आठवण झाली. तिसरे साधे, दहा वॉटचे, वीतभर व्यासाच्या कर्ण्याचे, वर सहा गुंड्या. निर्मळ आवाज, एक बटण दाबले की खरखरीत, मागे फोन जोडण्याची सोय. ज्याला अजून काय वाजवावयाचे आहे तेच ठाऊक नाही, अशा घरगुती हौशी माणसाने असेच घ्यावे हे मी तिथल्या तिथे ठरवले.

तरी परीक्षा रीतसर घेतली. वेणीवाल्याला तिन्हींवर एकच ओळ वाजवावयास सांगितली. मग तिसऱ्याच्या गुंड्या तपासल्या. वेणीवाल्याने वरच्या सुरांची गुंडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली.

"बघा काका, केवढा फरक!"

"मला काडीचा फरक वाटत नाही," मी म्हणालो. "ही गुंडी निव्वळ शोभेची आहे."

"काय सांगता! आत्ता इथं कुत्रं असतं तर पळून गेलं असतं."

दुकानातील दुसरे एक गिऱ्हाईक कानावर हात ठेवून उभे होते. लोकांना नाटके फार. मग त्याने खालची गुंडी फिरवली आणि तो फरक मात्र मला छातीत कळला. मधलीचाही कळला. ही तेवढा वेळ यंत्राकडे न पाहता माझ्याच तोंडाकडे पाहत होती. मी मान डोलावली की ती वेणीवाल्याला बोटाने खूण करी: अजून थोडे, हं, बास. तिने त्याला विचारले, "वरचे सूर अगदी बंद ठेवून मधले चढवता येतील ना?" असला चमत्कारिक प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा. त्याने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि त्याचा आवाज एकदम हळू झाला. "येतील की काकू. यातच सगळ्यांत चांगले येतील."

नवा नग सहा दिवसांनी घरपोच येईल.

२४ फेब्रुवारी

लेख पूर्ण. अकरा पाने, त्रेसष्ट पुरावे. पाकिटावर पत्ता घातला आणि हिला म्हणालो, "क्लासला जाताना पेटीत टाक."

हिने पाकीट हातात घेतले, उलटेसुलटे केले आणि माझ्या टेबलावर ठेवले. "इतक्यात नका पाठवू."

"का?"

"आधी माझं ऐका, मग पाठवा."

"तुझे ऐकावयाचे म्हणजे काय करावयाचे? कारण सांग."

"कारण नाही. ऐका म्हणजे ऐका."

मी रागावलो. म्हणालो की हा लेख माझ्या साऱ्या आयुष्याच्या कामाचे सार आहे, आणि तो अडवण्याचा अधिकार तिला नाही. सेहेचाळीस वर्षांत मी तिचे फारसे ऐकले नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून पाकीट परवापर्यंत फडताळात ठेवले आहे. ऐकले म्हणण्यापुरते.

२६ फेब्रुवारी

ध्वनिवर्धक आला. काळा, मधोमध जाळी. हिने तो पुसला, माझ्या खुर्चीपुढे दोन हातांवर स्टूल ओढले आणि त्यावर ठेवला. जाळीचे तोंड माझ्याकडे. मी म्हणालो की कर्ण्याचे तोंड वादकाकडे असावे असे माहितीपत्रकात आहे. "राहू दे," म्हणाली. आज वाजवले नाही. दोनदा गिटार उचलली आणि दोनदा ठेवली.

२७ फेब्रुवारी

आज हिने प्रथमच आवाज काढला.

सकाळी साडेनऊ. "वही मिटा," म्हणाली. मी मिटली. "चष्मा राहू दे. नुसतं बसा." वरच्या सुरांची गुंडी तिने पार बंद केली, मधली चढवली आणि वाजवू लागली. जाड तारांवर, सावकाश. पाच-सहा स्वरांची एक लहानशी ओळ, वर चढणारी, मध्ये थबकणारी आणि मग दोन पायऱ्या एकदम घेतल्यासारखी.

मला सगळे ऐकू आले. स्वर सुरू होताना ऐकू आला आणि विरताना ऐकू आला. खोलीत हे एवढे काही असू शकते, हे मी विसरलो होतो असे वाटले. का वाटले ते सांगता येत नाही.

"ऐकू आलं?"

"आले."

"कुठली आहे ओळखा."

"ओळखीची वाटते. कोणाची?"

"तुमचीच," ती म्हणाली. हा तिचा विनय. मी तिच्याकडून ती ओळ सात वेळा वाजवून घेतली. चौथ्या वेळी तिसऱ्या स्वरावर बोट निसटले, ते मी दाखवून दिले. तिच्या डोळ्यांना पाणी आले. तारा धातूच्या असल्यामुळे नवशिक्यांची बोटे फार दुखतात.

लेख पाठवण्याचे आज राहून गेले.

१ मार्च

मला एक गोष्ट जुळेना. नवशिकी बाई ध्वनी काढू लागल्याच्या पहिल्याच दिवशी इतके नीट कशी वाजवते? आज विचारले. "महिन्याभरात एवढी मजल?"

ती उठली, उशीखालून एक शंभरपानी वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "वाचा. तुम्हाला ऐकवण्यापेक्षा वाचायला दिलेलं बरं, असं मास्तरीणबाईसुद्धा म्हणत होत्या. मीच म्हटलं, नाही, आधी ऐकवणार."

पहिल्या पानावर गेल्याच्या गेल्या वर्षीची तारीख, ११ डिसेंबर. खाली: "आज गिटार खाली काढली. यांची जिन्यातली शिळ बसवायची आहे. सात वर्षं झाली एकून. पातळ तारांवर चांगली लागते पण तिथे यांना येत नाही. जाड तारांवर आणायची." मग रोजच्या नोंदी. कोणत्या बोटाने काय, किती वेळ. प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक वाक्य. "हे समोर पेपर वाचत होते." "हे मागे वळले, पण पंख्याकडे बघायला." "आज दीड तास. यांनी विचारलं, कधी सुरू करणार वाजवायला."

"तू मला सांगितले का नाहीस?"

"सांगितलं होतं. तीनदा. दोनदा मागून."

"आणि तिसऱ्यांदा?"

"समोरून. म्हटलं, तुम्हाला कमी ऐकायला येतं. तर तुम्ही म्हणालात, 'ऐकायला' नव्हे, 'ऐकू' येतं म्हणावं."

मी तसे म्हणालो असणार.

मग मी प्रयोग केला. ध्वनिवर्धकाची वायर काढावयास लावली. टेबलाकडे तोंड करून बसलो, तिला मागे पलंगावर बसवले आणि म्हणालो, "वाजव." घड्याळाकडे पाहत राहिलो. दोन मिनिटे गेली. तीन गेली. "सुरू कर ना," मी म्हणालो.

ती उठून समोर आली. माझ्या हातावर हात ठेवला. "झालं की दोनदा वाजवून."

४ मार्च

कान तपासून घेतले. तपासणीस बाईंनी एक आलेख काढून दाखवला. डावीकडे रेघ बरी आहे. उजवीकडे, वरच्या पट्टीत, ती कड्यावरून पाय घसरल्यासारखी खाली जाते. तेथे बोट ठेवून त्या म्हणाल्या, "आजोबा, बोलण्यातले 'स' आणि 'श' साधारण इथे असतात."

"आणि षट्कोनातला 'ष'?"

"तोही त्यांच्याच शेजारी."

म्हणजे तिन्ही वर्ण सुखरूप आहेत. पोस्टमनच्या तोंडात आहेत, वायरमनच्या आहेत, आऊच्या सुनेच्याही आहेत. भाषेची चिंता नको. दोन्ही कानांसाठी यंत्रे महिनाअखेर मिळतील.

"आनंद वाटला की वाईट?" हिने रिक्षात विचारले. समोर वाकून.

"भाषेपुरता आनंद," मी म्हणालो.

लेखाच्या अकरा पानांच्या मागच्या बाजू कोऱ्या आहेत. त्या तिला सुरावटी लिहावयास दिल्या. तिच्या वहीत 'शिळ' ऱ्हस्व आहे आणि 'एकून' असे लिहिले आहे. मी शाईचे पेन उघडले होते. पुन्हा मिटले.

६ मार्च

पुस्तक छापून झाल्यावर चुका ध्यानात आल्या तर प्रामाणिक मुद्रितशोधक शेवटी शुद्धिपत्र जोडतो. ही दैनंदिनी मी तिच्या वहीशी आणि मुलीच्या निरोपाशी ताडून पाहिली. चुका माझ्या आहेत. वाचणाराने पुढीलप्रमाणे सुधारून घ्यावे.

११ डिसेंबर, गेल्याच्या गेल्या वर्षीचा. या तारखेस मी फक्त 'थंडी' असे लिहिले आहे. जोडावे: आज हिने गिटार खाली काढली. १० फेब्रुवारीच्या नोंदीतील 'गेल्या महिन्यात' हे शब्द त्यामुळे गाळावेत.

३ फेब्रुवारी. 'अकरा मिनिटे' हे बरोबर आहे. मुलगी मात्र खरे बोलत होती. 'घंटा बिघडलेली आहे' हे वाक्य काढून टाकावे.

३ फेब्रुवारी, त्याच नोंदीत. 'शीळ सहा वर्षांपूर्वी कवळीमुळे'. वाचावे: आठ वर्षांपूर्वी. कवळी त्यानंतर दोन वर्षांनी आली. स्वतःची शीळ ऐकू येईना म्हणून सुटली, आणि सुटली हेही मला कळले नाही.

६ फेब्रुवारी. 'आधी गोट'. वाचावे: साधी गोष्ट.

१० फेब्रुवारी. 'आज घरात शांतता होती'. वाचावे: आज ही दोन तास वाजवत होती. 'आवाज म्हणून करत नाही' येथेही तसेच.

१३ फेब्रुवारी. 'शून्याचे वर्धन'. हे तिला पुन्हा वाचून दाखवले आणि क्षमा मागितली. ती म्हणते, राहू दे, हसायला बरे पडते. राहू दिले आहे.

१८ फेब्रुवारी. 'आज घरात शांतता होती'. वाचावे: सव्वा तास. चौथा स्वर प्रथमच नीट लागला. तिच्या वहीत त्या दिवशी फुलाचे चित्र आहे.

२४ फेब्रुवारी. 'ऐकले म्हणण्यापुरते'. हे दोन शब्द गाळावेत.

२७ फेब्रुवारी. 'आज हिने प्रथमच आवाज काढला'. वाचावे: आज मी प्रथमच ऐकला. 'कोणाची?' या प्रश्नाचे उत्तर तिने खरे दिले होते. तो विनय नव्हता. डोळ्यांतील पाण्याचा तारांच्या धातूशी संबंध नव्हता.

एक दुरुस्ती क्रमातून राहून गेली. आज सकाळी पुन्हा वाचताना दिसली, म्हणून शेवटी देतो.

२० फेब्रुवारी. दुकानदाराने 'कोणासाठी' असे विचारल्यावर हिने दिलेल्या 'यांच्यासाठी' या उत्तरापुढे मी 'सर्वनामाची चूक' असे लिहिले आहे. वाचावे: सर्वनाम बरोबर होते.